मोटरहोम दारात उभं आहे आणि आम्ही खिडकीतून बघतोय

कासवगती

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही मोटरहोम घेतलं. सात मीटरला जरा कमी, मागे आडवा पलंग, पलंगाखाली सामानाचा मोठा कप्पा. गाडी वापरलेली आहे, पण आम्हाला नवीच. विकणाऱ्याने ताबा देताना पाऊण तासात सगळं दाखवलं. ही पाण्याची टाकी, हा सांडपाण्याचा खटका, हा गॅसचा कॉक, हे बटण आधी आणि ते नंतर. बायको मान डोलावत होती, मीही डोलावत होतो. घरी आल्यावर कळलं की दोघंही एकमेकांच्या भरवशावर होतो.

तेव्हापासून गाडी दारात उभी. रोज संध्याकाळी आत जाऊन बसतो, कपाटं उघडतो, लावतो, बाहेर येतो. एकदा पंपाचा खटका दाबला तर असा काही घर्र आवाज झाला की घाबरून बंदच केला. लहान गाडी तीस वर्षं चालवतोय, पण ही घरी आणताना दोन तासांत स्टिअरिंग घामाने ओलं झालं.

सवय करायची तर सुरुवात कुठून करावी? पहिल्या खेपेला किती लांब जावं? माहितीपुस्तिका दीडशे पानांची आहे, आणि ती आमच्याच मॉडेलची आहे का याचीही मला शंका आहे.

बिऱ्हाडपाठीवर

अभिनंदन! पहिली सहल शून्य किलोमीटरची करा. दारातच झोपा.

चेष्टा नाही. एक अख्खी रात्र, आणि नियम एकच: सकाळपर्यंत घराचं दार उघडायचं नाही. स्वयंपाक, आंघोळ, शौचालय, सगळं गाडीत. आम्ही पहिल्या रात्री चारदा घरात पळालो. पळताना दरवेळी काय आणायला चाललोय ते पाकिटाच्या मागे लिहिलं: उशी, लायटर, विजेरी, चष्मा. तेच पाकीट आमची सामानाची पहिली यादी. पुढे ती वाढली, पण विजेरी अजून पहिल्या चारांत आहे.

टवाळखोर

शेजाऱ्यांना मात्र आधी कल्पना द्या. नाहीतर सकाळपर्यंत ‘घरातून काढलं वाटतं’ अशी बातमी फिरेल.

पाना_पक्कड

पंपाच्या आवाजाला घाबरलात म्हणून आधी तेवढंच सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

बऱ्याच गाड्यांत पंप दाबावर चालतो. नळ उघडला की नळीतला दाब पडतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब भरतो, पंप थांबतो. टाकी रिकामी असताना किंवा नळ्यांत हवा असताना तो उगाच कोरडा गुरगुरत राहतो. तुम्ही ऐकलात तो बहुधा हाच. टाकीत पाणी भरा, पंप लावा आणि एकेक नळ उघडत जा. आधी गार, मग गरम, शॉवरही विसरू नका. फुस्स, थू, फुस्स असं करत हवा निघून जाईल. गरम बाजूच्या नळातून अखंड धार आली म्हणजे बॉयलर भरला. तोवर बॉयलर पेटवायचा नाही. रिकामा तापवणं त्याला अजिबात मानवत नाही.

आता कान देऊन ऐका. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच अर्धा सेकंद ‘टुक्’ करून थांबत असेल, तर पाणी कुठेतरी झिरपतंय. सिंकखालच्या, शौचालयामागच्या आणि बॉयलरच्या प्रत्येक जोडाखाली कोरडा टिशू पेपर फिरवा. बोटाला कळत नाही ते कागदाला कळतं. गाडी सोडून जाताना पंप बंद. एक ढिला क्लॅम्प आणि चालू राहिलेला पंप, एवढ्या भांडवलावर अख्खी टाकी गादीखाली येते. स्वानुभव.

वापरलेली गाडी आहे तर टाकी एकदा निर्जंतुक करून घ्या. घरगुती, बिनवासाचं ब्लीच साधारण लिटरमागे एक मिली, टाकी भरून, ते पाणी प्रत्येक नळातून येऊ द्यायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, शौचालय धुवायची वेगळी. रंगही वेगळे ठेवा. अंधारात दोन निळ्या नळ्या सारख्याच दिसतात.

शंकासूर

पाना_पक्कड, नळ सगळे बंद, जोड सगळे कोरडे, तरी एका थंड सकाळी गाडीखाली भलं मोठं तळं. टाकी अर्धी रिकामी. तेव्हापासून मी कुठलीच गोष्ट न भिता लावत नाही. काय असावं?

पाना_पक्कड

गारठा पडला होता ना रात्री? मग काहीच बिघडलेलं नाही. बऱ्याच बॉयलरना गोठण्यापासून वाचवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तिथलं तापमान साधारण ३ अंशांखाली गेलं की तो आपणहून उघडतो आणि बॉयलरचं पाणी खाली सोडतो. कारण आत पाणी गोठून फुगलं तर बॉयलरच फाटेल. पंप चालू राहिला असेल तर टाकीतलं पाणीही त्याच वाटेने जातं. तो परत बंद करायचा तर आधी आतून हीटर लावून गाडी तापवा. तापमान ७ अंशांच्या आसपास येईपर्यंत त्याचा खटका बसतच नाही, कितीही जोर लावा. मी पहिल्या वर्षी पक्कड लावून तोडला.

शंकासूर

मी दोन महिने गळती शोधतोय हो!

शून्यव्होल्ट

विजेचं माझ्याकडे.

गाडीत दोन वेगवेगळ्या विजा नांदतात, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी धास्ती जाते. एक १२ व्होल्टची, गाडीतल्या घरासाठीच्या बॅटरीतून येणारी. दिवे, पंप, पंखे, हीटरचा ब्लोअर तिच्यावर. दुसरी बाहेरून केबलने येणारी, देशानुसार २३० किंवा १२० व्होल्टची. भिंतीतले सॉकेट आणि बॅटरी भरणारा चार्जर तिच्यावर. केबल काढली की सॉकेट मेले, दिवे मात्र चालू. नवखा माणूस तिथेच ‘फ्यूज उडाला’ म्हणून अख्खी गाडी उलटीपालटी करतो. इंजिनाची बॅटरी आणखी वेगळी, म्हणून रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी इंजिन सुरू होतं.

माझा पराक्रम ऐका. मोठ्या हौसेने इन्व्हर्टर बसवला आणि १००० वॅटची किटली लावली. १००० भागिले १२ म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून नव्वदच्या वर. माझी बॅटरी १०० अँपिअर-तासांची, शिशाची, तिसऱ्या वर्षातली. दोन मिनिटांत व्होल्टेज धाडकन खाली, इन्व्हर्टर टीं टीं करत बंद, आणि पाणी धड गरम नाही की गार नाही. तेच पाणी शेजारच्या गॅसच्या शेगडीवर निमूट उकळलं. तापवणारी कुठलीही वस्तू बॅटरीवर लावायची नाही, हे गणित मी किटलीकडून शिकलो.

शिशाची बॅटरी असेल तर काही तास लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद ठेवून मीटर लावा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावभर. निम्म्याच्या खाली पुन्हा पुन्हा नेलीत तर तिचं आयुष्य झपाट्याने सरतं.

आणि रीळवर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडून वापरा, जास्तीची गाडीखाली सैल टाकून द्या. गुंडाळलेल्या केबलवर हीटर लावला की ती आतल्या आत तापते, कधी वितळतेसुद्धा.

फुलचार्ज

शिशाची बॅटरी काढून लिथियम टाका, सगळे प्रश्न संपले. ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते, वजन निम्म्याहून कमी.

शून्यव्होल्ट

संपले नाहीत, बदलले. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे मीटर बघून काही कळत नाही. जाणारे-येणारे अँपिअर मोजणारा शंट लागतो. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. जुना चार्जर तिला मानवेल का तेही बघावं लागतं. ज्या माणसाने अजून पंप लावलेला नाही त्याला बॅटरी कसली बदलायला लावता!

फुलचार्ज

बरं बाबा. दुसऱ्या वर्षी टाका.

सरळवाट

वरच्या बहुतेकांशी असहमत. धागाकर्त्याने स्टिअरिंग ओलं झाल्याचं लिहिलंय आणि आपण त्याला टिशू पेपर घेऊन सिंकखाली पाठवतोय. खरी भीती चालवायची आहे. ती गाडी उभी ठेवून जाणार नाही, उलट रोज वाढेल.

रिकामं मैदान गाठा, सकाळी लवकर, चार प्लास्टिकच्या बादल्या घेऊन. आधी एवढं एकच करा: जमिनीवर खडूने लांब सरळ रेघ ओढा, गाडी रेघेला अगदी चिकटून, समांतर उभी करा. मग स्टिअरिंग रेघेपासून दूर, पूर्ण वळवून हळू पुढे न्या, आणि गाडीचा मागचा कोपरा रेघेपलीकडे किती जातो ते कुणालातरी बघायला सांगा. मागचं चाक आणि बंपर यांच्यामधला भाग लांब असला की पुढचं तोंड एकीकडे वळताना बूड दुसरीकडे फिरतं. माझ्या गाडीचा कोपरा चांगला हातभर बाहेर गेला. तो हातभर एकदा डोळ्यांनी बघितला की इंधन भरून निघताना आपोआप थोडं सरळ पुढे जाऊन मगच वळवता. नवख्यांच्या गाड्यांवरचे ओरखडे बघा, पुढे क्वचित, मागच्या कोपऱ्यावर हमखास.

वळताना मागचं चाक आतून कापतं, म्हणून कोपऱ्यावर सवयीपेक्षा उशिरा वळवा. अंतर सवयीपेक्षा जास्त ठेवा. तीन-साडेतीन टन पटकन थांबत नाहीत.

उंची स्वतः मोजा. कागदावरची उंची छतावर नंतर बसवलेल्या एसीची, अँटेनाची, सोलर पॅनलची नसते. मोजलेला आकडा ठळक लिहून सनव्हायझरवर चिकटवा. कमानीसमोर पोचल्यावर ‘अगं, आपली उंची किती?’ हा प्रश्न विचारायला वेळ नसतो.

बिऱ्हाडपाठीवर

सरळवाट, दोन्ही करा की! रात्री दारात झोपा, सकाळी मैदानात जा. भांडण कशाला?

टवाळखोर

भांडण रिव्हर्स घेताना होतंच. वेगळं करायची गरज नाही.

मागेयेऊदे

टवाळखोर, हसू नका. आमचं खरंच झालंय. मी मागे उभी राहून ‘ये, ये, ये’ म्हणतेय, आत इंजिनाच्या आवाजात ह्यांना काही ऐकू येत नाही, आणि मी उभी आहे अगदी गाडीच्या पाठीमागे, म्हणजे कुठल्याच आरशात नाही. शेवटी झाडाने ‘थांब’ सांगितलं.

आता आमचे करार ठरलेत. तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त हात. हात दाखवणाऱ्याला चालवणाऱ्याचा चेहरा आरशात दिसलाच पाहिजे. मी आरशातून नाहीशी झाले की ह्यांनी जागच्या जागी ब्रेक मारायचा, कारण विचारायचं नाही. ‘डावीकडे’ हा शब्द बाद, कारण कुणाच्या डावीकडे? ज्या बाजूला बूड जायला हवं त्या बाजूचा हात मी आडवा करते. दोन्ही मुठी वर म्हणजे थांब. आणि तिसऱ्या प्रयत्नात जमलं नाही तर खाली उतरून दोघांनी मिळून जागा बघायची. मागचा कॅमेरा आहे, पण त्याला खालचा खुंट दिसतो, वरची फांदी दिसत नाही.

एक दिवस आम्ही अदलाबदल केली. मी चालवलं, हे मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा आवाज एकदम सौम्य झाला.

जुनंपुराणं

अवांतर, पण वाटाड्याची परंपरा जुनी आहे. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलात डॉक्टर राहिलेल्या लेखकाने नुसत्या हौसेखातर दोन घोड्यांची फिरती घरगाडी बांधून घेतली. नाव ‘वाँडरर’. लवाजम्यात गाडीवान, एक नोकर, कुत्रा आणि काकाकुवा. नोकराचं काम काय, तर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरच्यांना सांगायचं की मागून अवजड धूड येतंय, बाजूला व्हा.

आणि १९१० च्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ‘टूरिंग लँडो’ गाडीत मागची सीट उलगडून पलंग व्हायचा, चालकाच्या सीटच्या पाठीला घडीचं बेसिन होतं आणि मागे बसलेल्यांना चालकाशी बोलायला चक्क टेलिफोन होता. मागेयेऊदे यांच्या घरी तो असता तर झाड वाचलं असतं.

मागेयेऊदे

झाड सुखरूप आहे. बंपर गेला.

चिकित्सक

अवांतर दोन: मोटरहोमला मराठी शब्द नाही का? घरगाडी?

टवाळखोर

विंचवाचं बिऱ्हाड. आधीच आहे, नवा कशाला?

वजनदार

कुणी वजनाचं बोललं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. मोठा कप्पा आहे म्हणून तो भरायचा असतो असं नव्हे.

दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पाटी असते, तिच्यावर गाडीचं कमाल वजन आणि प्रत्येक आसाचं कमाल वजन. गाडी इंधन, पाणी, गॅस, माणसं, सगळं सामान भरून वजनकाट्यावर न्या. पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं, असं तीनदा वजन करा. समजा पाटीवर ३५०० आणि काट्यावर, तुम्ही दोघं आत, पण पाण्याची टाकी आणि कप्पे रिकामे असताना ३२०० भरलं. उरले ३००. टाकी १०० लिटरची असेल तर त्यातले १०० पाण्यात, कारण लिटरला किलो. दोन सायकली, बाहेर उलगडायचं कापडी छत्र, खुर्च्या, टेबल, कपडे, भांडी, हत्यारं... मोजा तुम्हीच.

मागच्या कप्प्याची गंमत वेगळीच. तो मागच्या आसाच्याही मागे लोंबतो, म्हणून तरफेसारखं होतं. तिथे ठेवलेल्या १०० किलोंचे मागच्या आसावर १०० पेक्षा जास्त पडतात, आणि जास्तीचे तेवढे पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पुढची चाकं ओढणारी असतील तर ओल्या गवतावर गाडी जागेवरच चाकं गरागरा फिरवते. जड सामान दोन आसांच्या मध्ये आणि खाली ठेवा. माझ्या स्वतःच्या गाडीचं एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागचा आस ७० किलोंनी वर होता. हत्यारांची पेटी पुढे आणली आणि भागलं.

टायर बघा. नक्षी छान दिसते म्हणून फसू नका, या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. टायरच्या कडेला ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. हवा मोजायची ती टायर थंड असताना, आणि किती भरायची ते आसावरच्या खऱ्या वजनावरून.

नावनसांगता

या प्रतिसादासाठी मुद्दाम नवा आयडी घेतलाय.

शौचालयाची पेटी रिकामी करायची पहिली वेळ. बाहेरच्या दारातून पेटी ओढली, चाकांवर ढकलत नेली, नळकांडं फिरवलं, झाकण काढलं, ओतायला सुरुवात केली. आत हवा जायला वाट नसल्यामुळे ती डबक डबक करत, गचके देत ओतायला लागली. तिसऱ्या गचक्याला... मी चपला घातल्या होत्या. उघड्या चपला. रांगेत माझ्यामागे दोन माणसं उभी होती आणि दोघंही अतिशय सभ्यपणे आकाशाकडे बघत होती.

पेटीवर अंगठ्याजवळ हवेचं एक बटण असतं. नळकांड्याचं तोंड पूर्ण खाली झालं की ते दाबून धरायचं, मग धार शांतपणे पडते. आधी दाबायचं नाही, नाहीतर बटणातून येतं. (हो. तेही केलंय.) हातमोजे, बंद बूट, आणि पेटी पूर्ण भरायची वाट बघायची नाही. १७-२० लिटरची भरलेली पेटी उचलताना कंबरही बोलते. आत ब्लीच टाकू नका, रबराच्या सीलची वाट लागते.

टवाळखोर

मी यावर काहीही बोलणार नाही. हा माझा आदरांजलीचा प्रतिसाद समजा.

निळीज्योत

गॅसचं राहिलं, ते जरा गंभीरपणे.

हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरतो. म्हणून गॅसच्या कपाटात आणि गाडीच्या तळाशी मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ‘थंडी येते’, ‘किडे येतात’ म्हणून ती चिंधी कोंबून किंवा टेप लावून बंद केलेली मी तीन गाड्यांत बघितली. त्यातली एक मी विकत घेतलेली. कासवगती, आज जाऊन आधी तुमची बघा.

कार्बन मोनॉक्साइड हे वेगळं प्रकरण. धड न जळलेल्या गॅसमुळे होतो, त्याला वास नाही, रंग नाही. त्याचा अलार्म हवाच, आणि शेगडी पेटवून गाडी कधीही तापवायची नाही. हीटरच्या बाहेरच्या धुराड्यावर कव्हर, तंबूचं कापड, बर्फ काही नको. गॅसची नळी किती वर्षांची आहे ते तिच्यावरच छापलेलं असतं. वापरलेली गाडी म्हणजे एकदा जाणकाराकडून गळतीची तपासणी करून घ्याच. इंजिनाची सर्व्हिसिंग करणारा मेकॅनिक हे बघत नाही, तो फक्त त्याच्या अर्ध्या भागाचा धनी.

थंडीत शेगडी रुसली तर सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत दाद देतं. सिलिंडर अर्धा भरलेला असतो आणि माणूस रेग्युलेटर बदलत बसतो.

शंकासूर

माझा फ्रिज गॅसवर थंडच होत नाही. तोही माझाच दोष का?

निळीज्योत

गाडी सपाट उभी करता का? गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. आतलं अमोनियाचं पाणी स्वतःच्या वजनाने नळ्यांतून उतरत असतं. गाडी कलली की ते अडतं. चाकांखाली रॅम्प घाला. शिवाय त्याला थंड व्हायला कित्येक तास लागतात, निघायच्या आदल्या दिवशी लावा. आणि १२ व्होल्टवर तो फक्त इंजिन चालू असतानाच ठेवायचा, उभ्या गाडीत ठेवलात तर बॅटरी पिऊन टाकेल.

शंकासूर

गाडी उतारावर उभी असते. गप्प बसतो.

कासवगती

मंडळी, दारातली रात्र पार पडली! सगळ्यांचे एकेक करून आभार मानत बसत नाही, अहवाल देतो.

पंप लावला. फुस्स, थू, अगदी लिहिल्याप्रमाणे. टिशू पेपर घेऊन सिंकखाली गेलो, एक क्लॅम्प ओला सापडला, पाव फेरा आवळला. तळाची भोकं बघितली, एकावर गालिचा आला होता, तो कापला. घरात तीनदा पळालो (विजेरी, विजेरीचे सेल, कानात घालायचा कापूस).

रात्री पावणेतीनला ‘टिक्’ असा बारीक आवाज. मिनिटभराने पुन्हा. बायको म्हणाली, गॅस! दोघं झोपेच्या कपड्यांत अंगणात. सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या, अर्धा तास कुडकुडत उभे राहिलो. शेवटी कळलं की तो छतावरचा धुराचा अलार्म होता आणि त्याचा सेल संपत आला होता. शेजाऱ्यांच्या खिडकीत दिवा लागला. टवाळखोर, तुमचं भाकीत खरं ठरलं.

निळीज्योत

पळालात ते अगदी योग्य केलंत. पुढच्या वेळीही आधी पळा, मग शोधा. आणि दिवसा उजेडी प्रत्येक अलार्मचं टेस्टचं बटण दाबून कोणाचा आवाज कसा ते दोघांनीही ऐकून ठेवा.

सरळवाट

मैदान?

कासवगती

हो हो, सांगतो. रविवारी गेलो. बादल्या तीन चिरडल्या, चौथी वाचली. खडूच्या रेघेचा प्रयोग केला आणि मागचा कोपरा बघून बायको ‘अगं बाई!’ म्हणाली. तासाभराने हात सैल पडले. मग तीही चाकावर बसली. ती माझ्यापेक्षा बरी चालवते, हे इथे लिहायला सांगितलंय.

आता पुढच्या शनिवारी खरोखर निघतोय. चाळीस मिनिटांवरची जागा, दोन रात्री. निघताना काय विसरतं माणूस?

बिऱ्हाडपाठीवर

पायरी. सगळे पायरी आत घ्यायला विसरतात. दुसरी, छताची खिडकी. तिसरी, केबल.

शून्यव्होल्ट

केबलवर उपाय: बाहेरची वीज जोडली की गाडीची चावी केबलच्या टोकाजवळच्या हुकाला अडकवायची. चावी घ्यायला गेलं की केबल समोर. मी याद्या केल्या, प्लास्टिकमध्ये घातल्या, त्या यादीसकट केबल ओढत नेली. चावीची युक्ती मात्र एकदाही चुकलेली नाही.

मागेयेऊदे

आणि काम वाटून घेऊ नका. ‘मला वाटलं तू बघितलंस’ इथेच सगळे अपघात होतात. एकाने सगळं करायचं, मग दुसऱ्याने बाहेरून एक पूर्ण चक्कर मारायची, हात लावत. कप्प्यांची दारं ओढून बघायची.

वजनदार

निघताना पाण्याची टाकी पूर्ण भरू नका, जागेवर पाणी मिळणार असेल तर वाटेपुरतं पुरे.

कासवगती (आठवड्याने)

जाऊन आलो. पायरी विसरलो नाही. छताची खिडकी विसरलो, पण वेग वाढायच्या आत शिट्टी ऐकू आली. जागेवर रॅम्प घातले, फ्रिज थंड झाला. दुसऱ्या रात्री वारा सुटला, बाहेरचं छत्र आठवणीने गुंडाळलं. शेजारच्याने नव्हतं गुंडाळलं, त्याचं पहाटे आमच्या छतावर होतं. माणूस भला, सकाळी स्वतः शिडी घेऊन आला.

एक गोष्ट उरली. चालताना मागून कुठूनतरी खड्खड् खड्खड्. वेड लागायची पाळी. परतताना बायको मागे जाऊन पलंगावर आडवी झाली कान लावून, तरी सापडलं नाही.

सरळवाट

तेवढं पुन्हा करू नका. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा असलेल्या सीटवरच बसायचं. जोरात ब्रेक लागला तर पलंगावरचा माणूस थेट काचेपर्यंत येतो. गाडीत घर आहे हे रस्त्यावर विसरायचं.

कासवगती

मान्य. चूक झाली. तिलाही वाचून दाखवलं.

पाना_पक्कड

फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तो कपाटात ठेवा. दहा मिनिटं एका कपाटात, दहा मिनिटं दुसऱ्या. घरी येऊन ऐका. ज्यात आवाज सर्वांत मोठा, चोर तिथे.

कासवगती

सापडला! भांड्यांचं कपाट नाही, शॉवरचं दार नाही, मागचा कप्पाही नाही. पाचव्या रेकॉर्डिंगमध्ये कान फुटायची वेळ आली. ओव्हनमधली जाळी. मध्ये एक जुना टॉवेल घातला, आता चिडीचूप.

टवाळखोर

म्हणजे चोर जाळीतच सापडला.